विषय क्रमांक एकतीस: आरोग्य व्यवसायांच्या परिषदांवर कुणी बसावं आणि बसून काय करावं?

मुळशीकर

नमस्कार मंडळी,

मागच्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, "डॉक्टरविरुद्ध तक्रार घेऊन परिषदेकडे गेलं तर काही होतं का?" उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी एका राज्यस्तरीय परिषदेत एकोणीस वर्षं नोकरी केली. आरोग्य क्षेत्रातल्या एका व्यवसायाची नोंदणी आणि शिस्त पाहणारी परिषद, एवढंच सांगतो. शेवटची आठ वर्षं सभेचं टेबल माझ्याकडे होतं. विषयपत्रिका तयार करायची, टिपण्या जोडायच्या, सदस्यांना गठ्ठे पाठवायचे, सभेत भिंतीलगतच्या खुर्चीवर बसून नोंदी घ्यायच्या आणि नंतर इतिवृत्त लिहायचं.

सभा अशी चाले. विषय १, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. विषय २, झालेल्या कार्यवाहीचा अहवाल. मग नोंदण्या, नूतनीकरणं, महाविद्यालयांचे अर्ज, इमारतीची रंगरंगोटी, झेरॉक्स यंत्राची दरपत्रकं. तक्रारी सगळ्यात शेवटी, कारण त्यांना वेळ लागतो. अकराची सभा पावणेबाराला सुरू व्हायची, दीडला जेवण. जेवणानंतर बाहेरगावचे सदस्य गाडी गाठायला निघायचे, गणपूर्ती उरायची नाही आणि माझ्या वहीत ठरलेलं वाक्य उतरायचं: "विषय क्र. ३१ ते ३८ पुढील सभेत ठेवण्यात यावेत." पुढची सभा तीन महिन्यांनी.

अशाच एका सभेला विषय ३१ म्हणजे एक बाई होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सभेची तारीख कुठून तरी कळली म्हणून पहाटेची एसटी पकडून आल्या होत्या आणि पॅसेजमधल्या बाकावर बसून होत्या. मांडीवर एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट, त्याला दोन रबरबँड. साडेतीनला मी बाहेर आलो तशा त्या उठून उभ्या राहिल्या. "साहेब, झालं का माझं?" मी म्हटलं, "ताई, पुढच्या सभेत." तेच पाकीट घेऊन त्या आधीच्या सभेलाही आल्या होत्या आणि तेव्हाही हेच उत्तर मीच दिलं होतं.

त्या सभागृहात वाईट माणसं बसली नव्हती हो. काही तर आपापल्या गावात देवमाणूस म्हणून ओळखली जाणारी. पण सगळी मिळून मंडळ म्हणून जे काम व्हायला हवं ते होत नव्हतं. का होत नव्हतं, यावर मी निवृत्त झाल्यापासून विचार करतोय.

थोडी पार्श्वभूमी. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ सालचा, देशातल्या पहिल्या कायद्यांपैकी. अखिल भारतीय परिषद, म्हणजे आपली जुनी एमसीआय (मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया), १९३३ च्या कायद्याने आली, १९५६ मध्ये तिला नवा कायदा मिळाला. एप्रिल २०१० मध्ये तिच्या अध्यक्षांना लाचखोरीच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून परिषद बरखास्त केली. काही वर्षांनी ती परत आली. मार्च २०१६ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने तिच्यावर जो अहवाल दिला, त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांनीच नजर ठेवणारे निवडून द्यायचे, ही रचनाच चुकीची आहे. त्याच वर्षी २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची देखरेख समिती नेमली. २०१८ मध्ये परत वटहुकूम, परत नियुक्त मंडळ, आणि अखेर २०१९ चा कायदा. त्याप्रमाणे २५ सप्टेंबर २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग काम करतो.

या आयोगावर अध्यक्ष धरून ३३ जण आहेत. अध्यक्षाला जास्तीत जास्त चार वर्षं, पुन्हा नेमणूक नाही. पदावर येताना आणि सोडताना मालमत्ता जाहीर करायची, व्यावसायिक हितसंबंध जाहीर करायचे. ज्या खासगी संस्थेचं प्रकरण हाताळलं तिथे पद सोडल्यावर दोन वर्षं नोकरी धरायची नाही. शिवाय पदवी शिक्षण, पदव्युत्तर शिक्षण, महाविद्यालयांचं मूल्यांकन आणि नीतिमत्ता-नोंदणी अशी चार स्वायत्त मंडळं वेगळी केली. पूर्वी हे सगळं एकाच हाती होतं, त्यामुळे एका टोकाला झालेला सौदा दुसऱ्या टोकापर्यंत पोचायचा.

कागदावर यातलं बरंच मला पटतं. पण मी ज्या खुर्चीवरून सभा पाहिल्या तिथून दिसलेली गोष्ट वेगळी आहे. माणूस निवडून आलेला असो की नेमलेला, सभेत बसल्यावर तो स्वतःला कुणाचा मानतो यावर सगळं ठरतं. आमच्याकडे प्रत्येकजण कुणाचा तरी होता. हा अमुक संघटनेचा, तो विदर्भाचा, हे खासगी महाविद्यालयांचे, हे शासनाचे. विषय ३१ चं त्या टेबलाभोवती कुणीच नव्हतं.

तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर, नर्सेस, फिजिओ, फार्मासिस्ट, आणि विशेषतः ज्यांनी तक्रार केली आहे त्यांनी.

---

कोयनाकाठ

मुळशीकर, मनापासून लिहिलंय तुम्ही. मी तालुक्याच्या गावी तेवीस वर्षं प्रसूतिगृह चालवतो, त्यामुळे माझी बाजूही ऐका.

निवडणुकीला एवढं वाईट ठरवू नका. परिषदेच्या निवडणुकीत पॅनेल होतात, फोन येतात, मतपत्रिका गोळा करत हिंडणारी माणसं असतात, हे मी पाहिलं आहे आणि मला त्याची लाज वाटते. तरीही निवडून आलेल्या माणसाला मी फोन करून विचारू शकतो की नूतनीकरण चार महिने का अडकलं. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. तेव्हापासून आमचं म्हणणं सांगायचं तर सांगायचं कुणाला? आयोगाच्या ३३ जणांत राज्य परिषदांच्या नावांतून नऊ, राज्यांच्या नावांतून दहा, तेही फिरत्या पद्धतीने. एका राज्याची पाळी कधी येणार?

दुसरं, बिगरडॉक्टर सदस्य. रात्री दोन वाजता झटके आलेली, रक्तदाब दोनशेच्या वर, एकदाही तपासणीला न आलेली बाई माझ्या दारात येते. तिला पुढे पाठवावं तर जिल्हा रुग्णालय सव्वा तासावर. ती दगावली तर तो हलगर्जीपणा की नाही, हे ज्याने तसली रात्र काढली आहे त्यालाच कळेल. मला न्याय देणाऱ्यांत असा एक तरी माणूस असावा, ही मागणी गैर आहे का?

---

टेम्सकाठी

कोयनाकाठ, मागणी अजिबात गैर नाही. पण तुमचे दोन्ही मुद्दे ब्रिटनमध्ये पंधरा-वीस वर्षं घासून निघाले आहेत, म्हणून लिहितो. मी इथे भूलतज्ज्ञ आहे, सतरा वर्षं झाली.

इथली जनरल मेडिकल कौन्सिल १८५८ ची. वाढत वाढत तिचे सदस्य १०४ झाले होते, बहुतेक डॉक्टर, त्यातले बरेच डॉक्टरांनी निवडलेले. मग शिपमनचं प्रकरण आलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला फॅमिली डॉक्टर, जानेवारी २००० मध्ये १५ खुनांसाठी दोषी ठरला, आणि नंतरच्या चौकशीत बळी दोनशेच्या वर निघाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट भयंकर आहे. याच माणसाला १९७६ मध्ये पेथिडीन हे नशा आणणारं वेदनाशामक मिळवण्यासाठी खोटी प्रिस्क्रिप्शनं लिहिल्याबद्दल कोर्टाने शिक्षा केली होती. प्रकरण कौन्सिलकडे गेलं, कौन्सिलने त्याला ताकीद देणारं पत्र पाठवलं आणि फाईल बंद केली.

चौकशी करणाऱ्या न्यायाधीश जॅनेट स्मिथ यांनी डिसेंबर २००४ च्या पाचव्या अहवालात कौन्सिलच्या या वळणावरच बोट ठेवलं. निवडून आलेले डॉक्टर सदस्य आपल्या मतदारांकडे पाहून वागतात, रुग्णांचं रक्षण मागे पडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. संख्या तोवर १०४ वरून ३५ वर आलीच होती. २००९ मध्ये ती २४ झाली, निवडणूक बंद, बारा डॉक्टर आणि बारा बाहेरचे. २०१३ पासून फक्त १२: सहा डॉक्टर, सहा बाहेरचे, सगळे अर्ज आणि मुलाखतीतून नेमलेले. या सगळ्या नियामकांवर नजर ठेवणारी वेगळी संस्था आहे, आणि तिच्या पूर्वीच्या अवताराने २०११ मध्ये सल्ला दिला होता की मंडळ आठ ते बारा जणांचंच असावं. त्याहून मोठं झालं की काही जण बोलतात आणि बाकीचे ऐकत बसतात.

आता तुमच्या त्या रात्रीबद्दल. इथे ते १२ जण कुठल्याच डॉक्टरचा निवाडा करत नाहीत. त्यासाठी २०१२ पासून वेगळं न्यायाधिकरण आहे आणि प्रत्येक सुनावणीच्या पॅनेलवर डॉक्टर असतोच. म्हणजे निवाडा करताना तुमची रात्र समजणारा माणूस हजर असतो. मंडळाचं काम वेगळं: सुनावण्या वेळेत होतात का, नियम बरोबर आहेत का, पैसा पुरतो का, आणि निबंधक, म्हणजे रोजचा कारभार पाहणारा मुख्य अधिकारी, त्याचं काम नीट करतो का. आपल्याकडे ही दोन कामं एकाच टेबलावर येतात, आणि मग सकाळी झेरॉक्सची दरपत्रकं, दुपारी एखाद्याचं आयुष्य.

---

शिकाऊ_निवासी

टेम्सकाठींना अनुमोदन. वाचनखूण साठवली.

---

अबोली

हा धागा मी तीन दिवस फक्त वाचत होते. लिहू की नको असं होत होतं.

माझे बाबा एका शस्त्रक्रियेनंतर गेले. आम्ही परिषदेकडे तक्रार केली. कुठलं रुग्णालय, कोण डॉक्टर, ते इथे लिहिणार नाही. २००२ च्या आचारसंहितेच्या नियमांत लिहिलंय की तक्रारीवर सहा महिन्यांत निर्णय व्हायला हवा. आमची पहिली सुनावणीच एक वर्ष दहा महिन्यांनी लागली.

त्या खोलीत लांब टेबल होतं, पलीकडे पाच खुर्च्या, तीन भरलेल्या. एक सदस्य सारखे फोनवर बोलायला उठत होते. आईने बोलायला सुरुवात केली तर एकजण म्हणाले, "बाई, मुद्द्याचं बोला." ती बाबांना शेवटचं पाणी कधी दिलं ते सांगत होती, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू झाली. तिच्यासाठी तोच मुद्दा होता. समोरच्या डॉक्टरांशी मात्र ते सगळे ओळखीच्या माणसाशी बोलतात तसं बोलत होते. कदाचित खरंच ओळखत असतील. तसं असेल तर त्यांनी उठून बाहेर जायला नको होतं का?

निकाल आमच्या विरुद्ध गेला. त्याचं मला आता तितकं वाईट वाटत नाही, डॉक्टरांची खरंच चूक नसेलही. पण निकालाच्या पत्रात दोन ओळी होत्या. का, ते नव्हतंच. अपील करायचं म्हटलं तर वकील म्हणाले, नव्या कायद्याच्या कलम ३० मध्ये राज्य परिषदेच्या निर्णयावर अपील करू शकणारा म्हणून फक्त डॉक्टरचा उल्लेख आहे. जुन्या नियमांत "कोणतीही बाधित व्यक्ती" असे शब्द होते. कायदा करणाऱ्या एवढ्या मोठ्या लोकांत कुणाच्याच लक्षात आलं नाही की आई अपील कुठे करणार?

---

मुळशीकर

अबोली, तुमच्या आईंना "मुद्द्याचं बोला" म्हटलं गेलं, त्या तिकडच्या खुर्चीवर मी नव्हतो, पण तसल्याच खोलीत भिंतीलगत बसलेला मी होतो आणि गप्प होतो. मला माफ करा.

तुम्ही विचारलंत, ओळख असेल तर उठून जायला नको का? जायलाच हवं. आमच्याकडे सभेच्या सुरुवातीला "आजच्या कोणत्याही विषयात कुणाचा हितसंबंध आहे का" हे विचारायची रीतच नव्हती. एका वर्षी शासनाने एक निवृत्त बँक अधिकारी बाई सदस्य म्हणून दिल्या. त्यांनी पहिल्याच सभेत हे विचारलं. खोलीत शांतता. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "विषय ३४ मधले गृहस्थ माझे विद्यार्थी." ते उठले, तो विषय होईपर्यंत बाहेर जाऊन बसले. त्या दिवसापासून माझ्या विषयपत्रिकेत विषय १ च्या आधी एक ओळ वाढली. त्यासाठी ना कायदा बदलला, ना शासनाचा जीआर निघाला.

त्याच बाईंनी एकदा एका फाईलवर आणखी एक प्रश्न विचारला होता, तो मी विसरू शकत नाही. चर्चा चालली होती चौकशीच्या पद्धतीवर, पत्र कुणी कुणाला लिहायचं यावर. त्या म्हणाल्या, "हा माणूस आज, या क्षणी, रुग्ण तपासतोय का?" कुणालाच माहीत नव्हतं. मला फोन करायला सांगितलं. मी बाहेर येऊन दवाखान्याच्या नंबरवर फोन केला, तर पलीकडून विचारलं गेलं, "संध्याकाळची अपॉइंटमेंट हवी का?" मी आत जाऊन तसंच सांगितलं. तो विषय त्या दिवशी पुढच्या सभेत गेला नाही.

कोयनाकाठ, बिगरडॉक्टर माणूस टेबलावर असण्याचा मला दिसलेला उपयोग हा. त्या बाईंनी वैद्यकावर एकदाही मत दिलं नाही. बाकीच्यांना सवयीने दिसेनासं झालेलं त्यांना दिसायचं.

---

मिरजेची_सिस्टर

डॉक्टरांवरच सगळी चर्चा चालली आहे, म्हणून आमच्याबद्दल लिहिते. मी नर्सिंग शिकवते. आमचा केंद्रीय कायदा १९४७ सालचा, तो बदलायला २०२३ उजाडलं. त्या वर्षी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा झाला, दंतवैद्यकाचाही त्याच सुमारास. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन वगैरेंसाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे.

माझं म्हणणं एवढंच की मंडळावर बसणाऱ्या माणसाने गेल्या दोन-तीन वर्षांत वॉर्डात पाऊल टाकलेलं असावं. आमच्याकडे नर्सिंगचे प्रतिनिधी म्हणून बहुतेक वेळा प्राचार्य आणि संस्थाचालकांच्या जवळचे लोक दिसतात. तीस खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला एकटी उभी असलेली मुलगी कुठल्या अवस्थेत चुकीचं इंजेक्शन देते, हे त्यांनी शेवटचं कधी पाहिलं? ती चुकली तर तिच्यावर कारवाई होते. एका मुलीवर तीस रुग्ण टाकणाऱ्यांना साधा प्रश्नही विचारला जात नाही.

टेम्सकाठी, तुमच्याकडे नर्सेसच्या कौन्सिलबद्दल मध्यंतरी काहीतरी वाईट ऐकलं होतं. आमच्या कितीतरी मुली तिकडे आहेत, म्हणून विचारते.

---

टेम्सकाठी

सिस्टर, बरोबर ऐकलंत. आणि हे सांगणं माझ्या आधीच्या प्रतिसादाला पुरवणी म्हणून गरजेचंच आहे, नाहीतर १२ हा जादूचा आकडा आहे असं वाटेल.

इथली नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल आठ लाखांहून अधिक नावांची नोंदवही सांभाळते. तिचंही मंडळ १२ चं, सहा व्यवसायातले, सहा बाहेरचे. समित्या, जोखमींचे तक्ते, वार्षिक अहवाल, सगळं होतं. तरी जुलै २०२४ मध्ये नझीर अफझल यांच्या स्वतंत्र आढावा अहवालातून बाहेर आलं की आत कर्मचाऱ्यांना दमदाटी आणि वंशभेद सोसावा लागतोय, प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळताहेत, आणि चौकशीच्या फेऱ्यात अडकलेल्या काही नर्सेसनी आत्महत्या केल्याचा संशय आहे. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. माझ्या ऑपरेशन थिएटरमधली एक सांगलीकडची नर्स तेव्हा चौकशीखाली होती. आरोप खोटा निघाला, पण तोवर तिने मिरचीचा ठेचा करणंसुद्धा सोडून दिलं होतं. पूर्वी दर शुक्रवारी डबा भरून आणायची.

मंडळाला हे कळलं नाही, याचं मला सुचणारं कारण असं: मंडळाकडे येणारा प्रत्येक कागद अधिकाऱ्यांच्या हातातून चाळून येतो. जो सदस्य फक्त आलेलं वाचतो, त्याला अधिकाऱ्यांनी दाखवायचं ठरवलेलंच दिसतं. फोन उचलणाऱ्या मुलीशी, तक्रारदाराशी, चौकशीतून सुटलेल्या नर्सशी सदस्याने स्वतः बोलायला हवं. कारभारात ढवळाढवळ करायची नाही, आणि तरी कान जमिनीला लावून ठेवायचा. हे सगळ्यात अवघड आहे.

---

ताळेबंद

मी सनदी लेखापाल, सहकारी बँकांची तपासणी करतो. क्षेत्र वेगळं, पण दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितोय.

आपल्याकडे नागरी सहकारी बँकांत संचालक निवडून येतात आणि मग कर्ज कुणाला द्यायचं तेही त्यांनाच ठरवायचं असतं. यावर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये शंभर कोटी किंवा अधिक ठेवी असणाऱ्या बँकांना संचालक मंडळाखेरीज जाणकारांचं व्यवस्थापन मंडळ नेमायला लावलं. काही ठिकाणी त्याचा उपयोग झाला. काही ठिकाणी संचालकांनी आपल्याच मेव्हण्या-पुतण्यांना त्यावर बसवलं.

माझ्या अनुभवात चांगलं संचालक मंडळ तपासायचं तर मी दोन गोष्टी पाहतो. एक, इतिवृत्तात कधी तरी मतभेद नोंदवलेला सापडतो का. वर्षभर प्रत्येक ठराव "सर्वानुमते मंजूर" असेल तर मी सावध होतो. दुसरं, "आयत्या वेळचे विषय". जे कुणी आधी वाचू नये असं वाटतं ते बहुधा तिथून आत येतं. मुळशीकर, तुमच्याकडे काय स्थिती होती?

---

मुळशीकर

ताळेबंद, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. महाविद्यालयांच्या जागा वाढवण्याचे दोन प्रस्ताव माझ्या डोळ्यांदेखत आयत्या वेळच्या विषयात आले. कागद टेबलावरच वाटले, सूचक आणि अनुमोदकांची नावं आधीच टाइप केलेली. एका सदस्याने "वाचायला वेळ द्या" म्हटलं तर अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टरसाहेब, विश्वास ठेवा." ते बिचारे बसले. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात घेऊ का, असं मी निबंधकांना विचारलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

---

कोयनाकाठ

दोन दिवस विचार करून परत आलो.

अबोली यांचं वाचून मला आमच्या एका रुग्णाची आई आठवली. तीही अशीच पाण्यापासून सुरुवात करून सांगायची आणि मीही तिला मध्येच थांबवलं होतं. तक्रार वगैरे काही झाली नाही, पण आठवलं खरं.

निवाडा आणि कारभार वेगळे करावेत, हे टेम्सकाठींचं मला पूर्ण पटलं. मंडळावर अर्धे बाहेरचे असायलाही आता माझी ना नाही. पण नेमणूक कोण करतं, ही शंका जात नाही. ब्रिटनमध्ये मुलाखती होतात, त्या प्रक्रियेवर देखरेख असते, असं तुम्ही म्हणता. आपल्याकडे "नियुक्त" म्हणजे मंत्रालयाच्या मर्जीतला, असाच अर्थ व्हायची भीती. आणि नेमायचंच विसरले तर? २०२४-२५ मध्ये राष्ट्रीय आयोगाच्या स्वायत्त मंडळांवरच्या कितीतरी जागा दीर्घकाळ रिकाम्या होत्या. रिकाम्या खुर्चीला कोण जाब विचारणार? ३३ जणांत व्यवस्थापन, कायदा, नीतिशास्त्र, ग्राहक किंवा रुग्णहक्क अशा क्षेत्रांतून फक्त तीन जण घ्यायचे आहेत. त्यातला एक तरी खरोखर रुग्णांच्या बाजूने काम केलेला असावा, असं कायद्यात बंधन नाही. या तिघांत सगळं जग कोंबलं आहे.

---

शिकाऊ_निवासी

एक शंका. २०२५ च्या मध्यावर सीबीआयने वैद्यकीय महाविद्यालयांच्या तपासणीतल्या लाचखोरीबद्दल गुन्हा दाखल केला, त्यात तपासणीस आणि मंत्रालयातले अधिकारीही होते. कॉलेजात हजेरीसाठी आणलेले डॉक्टर, भरती केलेले खोटे रुग्ण, असे आरोप होते. म्हणजे २०१० नंतर कायदा बदलला, संस्था बदलली, मंडळं वेगळी केली आणि तरी तेच. मग सदस्य कसे असावेत या चर्चेला अर्थ उरतो का? आम्ही ज्या कॉलेजात शिकतो तिथे तपासणीच्या दिवशी काय चालतं ते आम्हाला दिसतं. आम्हाला कुणी विचारायला येत नाही.

---

मुळशीकर

अर्थ उरतो, आणि तुझ्या शेवटच्या वाक्यातच तो आहे. तपासणीच्या दिवशी काय चालतं हे विद्यार्थ्यांना माहीत असतं, शिपायाला माहीत असतं, कँटीनवाल्याला माहीत असतं. मंडळावरच्या एखाद्याने कधी तरी तारीख न कळवता जाऊन होस्टेलच्या मेसमध्ये बसून जेवावं. अहवालात जे येणार नाही ते तिथे अर्ध्या तासात कळेल. कायद्याने ते करायला कुणी अडवलेलं नाही.

कोयनाकाठ, नेमणुकीच्या शंकेवर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. निदान इतकं तरी करता येईल: जागा रिकामी होणार असेल तर सहा महिने आधी जाहिरात द्यावी, अर्ज कुणाकुणाचे आले आणि कुणाला का घेतलं हे संकेतस्थळावर टाकावं, आणि सभा लोकांना पाहता यावी. जनरल मेडिकल कौन्सिलच्या सभेचे कागद आधी प्रसिद्ध होतात आणि बाहेरच्या माणसाला बसून ऐकता येतं, हे मी वाचलं तेव्हा मला आमचा पॅसेजमधला बाक आठवला. त्या बाईंना आत येऊन बसता आलं असतं, तर दीड वाजता उठून जाणाऱ्यांना त्यांच्या समोरून जावं लागलं असतं.

आज कुणी मला परत विषयपत्रिका करायला बसवलं तर मी तक्रारी वर घेईन. पहिल्या पानावर एकच तक्ता: सहा महिन्यांहून जुन्या तक्रारी किती, त्यातली सर्वांत जुनी कोणत्या तारखेची, आणि ती कुणाच्या टेबलावर आहे. रंगरंगोटी आणि दरपत्रकं निबंधकांच्या अधिकारात सोडून द्यायची, सभेत आणायचीच नाहीत.

---

अबोली

मुळशीकर काका, तो तक्ता मी मागू शकते का? माहितीच्या अधिकारात?

---

मुळशीकर

शकता. परिषद कायद्याने स्थापन झालेली आहे, तिला माहितीचा अधिकार लागू आहे. जोडपत्र 'अ' चा नमुना घ्या, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "का केलं नाही" असं विचारू नका, कारण ते माहितीत बसत नाही म्हणून परत पाठवतील. आकडा, तारीख, कागदाची प्रत, एवढंच मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे. अर्जाचा मसुदा इथे टाका, मी पाहून देतो.

---

अबोली

हा मसुदा. काका, बघाल का?

"१. आजच्या तारखेस सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ प्रलंबित असलेल्या तक्रारींची संख्या. २. त्यांपैकी सर्वांत जुन्या तक्रारीचा आवक दिनांक. ३. गेल्या तीन वर्षांत झालेल्या सभांच्या तारखा, प्रत्येक सभेस उपस्थित सदस्यांची संख्या, आणि पुढील सभेत ठेवण्यात आलेल्या विषयांची संख्या. ४. सदस्याने हितसंबंध जाहीर करून सभेतून बाहेर गेल्याची नोंद असलेल्या इतिवृत्तांच्या प्रती."

---

मुळशीकर

उत्तम आहे. फक्त चौथ्यात "गेल्या तीन वर्षांतील" घाला, नाहीतर कालावधी स्पष्ट नाही म्हणून अडवतील. आणि स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवा.

---

अबोली

घातलं. आज दुपारी पाठवला. आईने स्वतः सही केली.